खाल्लेलं अंगाला का लागत नाही?

तुम्ही विचारलंय की आतड्यातल्या जिवाणूंवरच्या जेफ्री गॉर्डन यांच्या संशोधनाचा कुपोषित मुलांना खरंच उपयोग आहे का, आणि प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणूंच्या, पुड्या दिल्या तर तेच काम होईल का. मी नागपुरात कुपोषित मुलांच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ आहे, म्हणून लिहिते.

पारशिवनीकडची एक आई होती. मुलगा सतरा महिन्यांचा. दंडाचा घेर मोजायची पट्टी लाल रंगावर थांबली, म्हणजे 11.5 सेंटिमीटरच्या आत. आम्ही त्याला मोजूनमापून आहार दिला, वजन चढलं, सुट्टी झाली. दोन महिन्यांनी ती परत आली तेव्हा पट्टी पुन्हा लाल. "मॅडम, खाते तं बराबर, पण आंगाले लागतच नाही," ती म्हणाली. मी अंगणवाडीचा आहार, उकळलेलं पाणी, हात धुणं सगळं पुन्हा सांगत बसले. ती ते आधीपासूनच करत होती. तिच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते मला गॉर्डन यांच्या कामात सापडायला लागलं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला हा माणूस. त्यांच्या गटाने मलावीतली जुळी भावंडं पाहिली. एकच आई, एकच चूल, तरी एकाला अंगावर सूज आणणारं कुपोषण आणि दुसरं धडधाकट. दोघांच्या शौचातले जिवाणू त्यांनी जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढवलेल्या उंदरांना दिले आणि मलावीतल्या गरीब घरातलं जेवण खायला घातलं. आजारी भावंडाचे जिवाणू मिळालेले उंदीर झपाट्याने खंगले. हे 2013 साली प्रसिद्ध झालं. मी ते वाचलं त्या रात्री मला पारशिवनीची ती आईच आठवत राहिली.

पुढच्याच वर्षी ढाक्यातल्या मुलांवरचं काम आलं. निरोगी बाळाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती पहिल्या दोन वर्षांत वयाप्रमाणे बदलत, पिकत जाते. तीव्र कुपोषित मुलांमध्ये ती वयाच्या मानाने कोवळीच राहते. नेहमीच्या उपचाराने ती थोडी पुढे सरकते, आहार थांबला की पुन्हा मागे. आमच्या वॉर्डातून बरं होऊन गेलेलं मूल परत का येतं, त्याचं निदान एक कारण मला इथे दिसलं.

मग गॉर्डन आणि ढाक्याचे डॉ. तहमीद अहमद यांनी उलट बाजूने विचार केला: या वस्तीला पिकवणारं अन्न कोणतं? गावात मिळणारे पदार्थ आधी प्राण्यांवर तपासून शेवटी जे मिश्रण ठरलं त्यात चण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि कच्ची केळी आहेत, सोबत साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं. यातला प्रत्येक मुख्य जिन्नस आपल्या कॉटन मार्केटात मिळतो. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या मध्यम कुपोषित, 12 ते 18 महिन्यांच्या मुलांना हे मिश्रण तीन महिने दिलं. तुलनेला जो नेहमीचा पूरक आहार होता त्यात कॅलरी जास्त होत्या. तरीही उंचीच्या मानाने वजन सुधारण्याचा वेग नव्या आहारावर जवळपास दुप्पट होता, आणि हाडांच्या व मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रथिनं रक्तात वाढलेली दिसली. 2021 चा हा अभ्यास आहे, 118 मुलांचा. म्हणजे लहानच. पण कॅलरी कमी असूनही मूल जास्त वाढलं, ही गोष्ट माझ्या मते फार मोठी आहे. आम्ही इतकी वर्षं फक्त कॅलरीच मोजत आलो.

आता पुड्यांचं. ढाक्याच्या या प्रयोगात मुलांना बाहेरून जिवाणू दिलेच नव्हते. जे आतड्यात होते त्यांना योग्य खाणं दिलं. त्यामुळे या संशोधनाचं नाव सांगून कोणी प्रोबायोटिक विकत असेल तर पैसे घालवू नका. ते पैसे चणे, शेंगदाणे, अंडी यांवर घाला. दही घरात असतंच, ते चांगलंच आहे.

एक मात्र कळकळीने सांगते. वरचं मिश्रण घरी कालवून उपचार म्हणून देऊ नका, त्याची प्रमाणं आणि त्यातली खनिजं नेमकी ठरवलेली आहेत. आणि तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या मुलाची पट्टी लाल दाखवत असेल, पायावर दाबल्यावर खड्डा राहत असेल, किंवा ते खायलाच तयार नसेल, तर काही वाचत बसू नका. त्याच दिवशी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात जा.