मुलगा आठवीत आहे, त्याला ड्रग्जपासून लांब कसं ठेवायचं? फोन तपासू का, टेस्ट किट आणू का?

किटचं नंतर बघू, आधी हे सांगा की घरात खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटलेला), तंबाखू, सिगरेट कोण घेतं आणि ती आणायला कोणाला पाठवता? फोन, किट सगळं लिहिलंय तुम्ही, घराबद्दल एक ओळ नाही, म्हणून विचारतोय.

आम्ही चंद्रपूरकडचे. आमच्याकडे खर्रा व्यसनात धरतच नाहीत, पाहुणा आला की पाण्यामागून खर्र्याची पन्नी पुढे होते. माझा दादा पुतण्याला दुसरीत असल्यापासून पानठेल्यावर पिटाळायचा आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांची पोरगा गोड सुपारी घ्यायचा. मी तेव्हाच म्हटलं, पोराला नको पाठवत जाऊ, तर दादा म्हणे सुपारीच तं आहे, गांजा थोडीच आणायला लावतोय. आईपण त्याच्याच बाजूने, कारण तिचीही सकाळ तंबाखूने दात घासूनच व्हायची. वहिनी बिचारी मधे बोलायची नाही.

नववीत पोरगा स्वतःचा खर्रा घोटून घ्यायला लागला, कोणाला पत्ता नाही. बारावीत वहिनीच्या लक्षात आलं की हा ठेचा सोडाच, साधी तिखट भाजीपण ताटात तशीच ठेवतो, तोंड जळतं म्हणतो आणि वरणभातावर उठतो. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली, दोनच गेली. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड पहिल्यासारखं उघडत नाही आणि पुढे कॅन्सरची भीती कायमची. नुसती सुपारी, तंबाखू नसली तरी कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने 2004 मध्येच सांगून ठेवलंय. आणि दादा डॉक्टरला काय म्हणतो, "पण साहेब, हा दारू-गांजा काहीच घेत नाही हो." डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त दादाच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं, तिथे पन्नी होतीच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, ज्या घरात बाप पोराच्या हातून पुडी मागवतो त्या घराने ड्रग्जवर भाषण देऊ नये. गांजा बऱ्याचदा सिगरेटच्या तंबाखूत मिसळूनच ओढतात, ज्याला तंबाखू घरचीच वाटते त्याला पुढची पायरी चढायला कितीसा वेळ लागतो? आणि कायदापण ऐका, 18 च्या आतल्या पोराला तंबाखू किंवा नशेची वस्तू देणाऱ्याला बालन्याय कायद्यात 7 वर्षांपर्यंत शिक्षा आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. दादाला हे वाचून दाखवलं तर म्हणतो पानठेलेवाल्याला सांग. अरे, पण त्याच्याकडे पाठवलं कोणी?

आता हेही खरं की प्रत्येक खर्रावाला ड्रग्जकडे जात नाही, आणि सुपारीसुद्धा न खाणाऱ्या घरातली पोरं हॉस्टेलवर जाऊन एमडीत (मेफेड्रोन नावाच्या ड्रगमध्ये) अडकलेली आहेत, तेव्हा घर साफ म्हणून निर्धास्त राहू नका. पैसे गायब होणं, झोप उलटीपालटी होणं, जुने मित्र एकदम तुटणं, खोलीत व्हाइटनर किंवा पंक्चरच्या सोल्युशनचा वास, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, यावर नजर असू द्या. फोन चोरून तपासू नका, कळलं की पोरगा दुसरा नंबर काढतो. किट तर अजिबात नको, त्याने घरात आरोपी तयार होतो. बसून विचारा, आणि खरं सांगितलं तर त्या दिवशी हात उचलायचा नाही.

सापडलंच काही तर 14446 ला फोन करा, सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासून हेच काम करतात. पोलिसांच्या भीतीने लपवू नका, थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण देणारं कलम एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे, 64-ए, वकिलाला नीट विचारून घ्या.

आणि तुमच्या घरात कोणी खात असेल तर निदान आणायला तरी स्वतः जा म्हणावं.