‘मुलगा कसा आहे?’ याचं इंग्रजीत काय सांगायचं?

प्रश्न: आम्ही साताऱ्याहून लेस्टरला येऊन वर्ष झालं. मुलगा इयर थ्रीमध्ये आहे. पेरेंट्स इव्हिनिंगला त्याच्या बाईंनी विचारलं, ‘व्हॉट इज ही लाइक ॲट होम?’ मी पटकन म्हणाले, ‘ही लाइक्स डोसा.’ नवरा घरी येईपर्यंत हसत होता. मग सावरून घ्यायला मी ‘ही इज नॉटी, व्हेरी लेझी’ असंही सांगून टाकलं. आता स्वभावाचे इंग्रजी शब्द वहीत उतरवून पाठ करतेय, पण यादी काही संपत नाही. काय करू?

उत्तर: यादी संपणारच नाही. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेब्स्टरचा जाडजूड शब्दकोश पालथा घालून माणसाचा स्वभाव, वागणूक सांगणारे शब्द वेचले, ते जवळपास १८,००० भरले. तुमचं काम वीस-पंचवीस शब्दांत भागेल. वही मिटा.

आधी तो प्रश्न. ‘व्हॉट इज ही लाइक’ म्हणजे स्वभाव, ‘व्हॉट डझ ही लाइक’ म्हणजे आवडनिवड आणि ‘हाउ इज ही’ म्हणजे तब्येत-खुशाली. समोरचा भरभर बोलत असला, तर ‘इज’ आलं की ‘डझ’ तेवढं टिपा.

डोशाचं विसरा, ‘लेझी’चं मात्र बोलायला हवं. आपल्याकडे कुणी मुलाचं कौतुक केलं की आई लगेच म्हणते, ‘कसलं काय, एक नंबरचा आळशी आहे.’ ऐकणाऱ्या काकूंना कळतं की हा विनय आहे, त्यात थोडी दृष्ट लागायची भीतीही आहे. तिथल्या बाईंना हे कसं कळावं? आईच म्हणतेय म्हटल्यावर त्या ते खरं धरणार, आणि उद्या गृहपाठ राहिला की कारण शोधायच्या आधी आळसच आठवणार. कदाचित त्याला फळ्यावरचं नीट दिसत नसेल, नाहीतर बाईंचे उच्चार डोक्यावरून जात असतील. ‘नॉटी’ही आपण लाडाने म्हणतो, पण शाळेत त्याचा अर्थ शिस्त मोडणारा असाच घेतला जाण्याची शक्यता जास्त. घरातला लाडिक खोडकरपणा सांगायचा असेल, तर ब्रिटनमध्ये ‘अ बिट चीकी’ बरा.

माझा सल्ला असा, की मुलाला शिक्का मारण्याऐवजी तो काय करतो ते सांगा. ‘लेझी’च्या जागी ‘ही फाइंड्स इट हार्ड टू गेट स्टार्टेड विथ रायटिंग’. यावर बाई काही उपाय करू शकतात, ‘लेझी’वर काय करणार? बुजरा असेल तर ‘ही टेक्स टाइम टू वॉर्म अप’. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या उपजत स्वभावाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात अशा हळूहळू रुळणाऱ्या मुलांचा एक स्वतंत्र गटच त्यांनी मांडला. साधारण १५ टक्के मुलं त्यात होती. म्हणजे यात लपवण्यासारखं काही नाही. उणी बाजू सांगताना ‘ही इज इम्पेशंट’ असं तोडून न टाकता ‘ही कॅन बी अ बिट इम्पेशंट’ म्हणा. ‘कॅन बी’ आणि ‘अ बिट’ एवढे दोन तुकडे आले, तरी निम्मी लढाई जिंकलात.

आता उलट बाजू, म्हणजे बाईंचं बोलणं. ब्रिटिश शिक्षक टोचेल असं सरळ सहसा बोलत नाहीत. रिपोर्टमध्ये ‘लाइव्हली’ दिसलं म्हणून पेढे वाटू नका, वर्गात गडबड चालते असाही त्याचा रोख असू शकतो. ‘चॅटी’चंही तसंच. उलट ‘सेन्सिबल’ हा शब्द आपल्याला मिळमिळीत वाटतो, पण तिथे ती चांगली शाबासकी आहे. ‘कॉन्शिएन्शस’ म्हणजे मन लावून, चोख काम करणारा. आणि ‘क्वाइट गुड’ ऐकून ‘व्हेरी गुड’ समजू नका. ब्रिटनमध्ये ते बहुतेकदा ‘ठीक आहे, बरं आहे’ इतकंच असतं.

न्यू जर्सीत नातेवाईक असतील तर एक जास्तीची सूचना. लग्नाच्या जाहिरातींत आपण मुलीला कौतुकाने ‘होमली’ म्हणतो. अमेरिकेत त्याचा अर्थ दिसायला बेताची असा होतो. भावी सुनेची ओळख करून देताना हा शब्द तोंडातून गेला, तर पुढचं जेवण कसं होईल ते तुम्हीच ठरवा. ‘मीन’ म्हणजे ब्रिटनमध्ये कंजूषही, अमेरिकेत मुख्यतः दुष्ट.

सरावासाठी वेगळा वेळ काढू नका. रात्री जेवताना मुलालाच विचारा, ‘व्हॉट इज आजोबा लाइक?’ तो ‘स्ट्रिक्ट’ म्हणाला की ‘कशावरून?’ असं विचारून पुरावा मागा. मग तो सांगेल की व्हिडिओ कॉलवर आजोबा आधी पाढे म्हणायला लावतात आणि मगच गप्पा मारतात. त्याला शब्द आणि तुम्हाला वाक्य, दोन्ही मिळेल. एखादा शब्द तो तुमच्यापेक्षा बरोबर उच्चारेल, तर उच्चारू दे.

पुढच्या भेटीला तीन वाक्यं चिठ्ठीवर लिहून न्या: एक त्याला काय जमतं याचं, एक काय जड जातं याचं, एक घरी तो काय करतो याचं. वाचून दाखवलंत तरी चालेल, भेट जेमतेम पाच-दहा मिनिटांची असते. आणि बाईंचा एखादा शब्द कळला नाही, तर मान डोलवू नका. ‘कुड यू गिव्ह मी ॲन एक्झाम्पल?’ असं विचारा.