सीएससीएस झालं की अमेरिकेत कॉलेजचा स्ट्रेंथ कोच होता येतं का?

भावा, तुझा प्रश्न असा की बीपीएड झालंय, तालमीत वाढलोय, आता भारतातूनच सीएससीएस, म्हणजे स्ट्रेंथ कोचिंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा, देऊन अमेरिकेतल्या कॉलेज टीमकडे स्ट्रेंथ कोच, म्हणजे खेळाडूंची ताकद-फिटनेस बघणारा कोच, म्हणून डायरेक्ट अप्लाय केलं तर जमेल का. नाही जमत. म्हणजे सीएससीएस पाहिजेच, डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, तर 2015 पासून मान्यताप्राप्त सर्टिफिकेशन सक्तीचं आहे, पण ते ड्रायव्हिंग लायसनसारखं, खिशात आहे म्हणून कुणी लगेच एसटी चालवायला देत नाही. इथं जॉब मिळतो तो तू कुणाच्या हाताखाली किती दिवस फ्लोअरवर, म्हणजे वेटरूममध्ये, उभा होतास आणि तो माणूस तुझ्यासाठी दुसऱ्या कोचला फोन लावतो का यावर. दुसरं सर्टिफिकेट आहे एससीसीसी, त्याला तर परीक्षेसोबत 640 तासांची प्रॅक्टिकल इंटर्नशिपच लागते, यावरून काय ते समज.

आपल्यासारख्याला नीट रस्ता एकच, मास्टर्स करायचं आणि ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे जीएची सीट पकडायची, शिकता शिकता कॉलेजच्या टीमसोबत काम. फी माफ किंवा बरीच कमी, वर महिन्याला जेवण-भाडं निघेल एवढा स्टायपेंड. युनिव्हर्सिटीचं रँकिंग बघू नको, जीएला स्वतःची टीम सांभाळायला देतात का ते विचार. मी कन्सासमधल्या एका छोट्या डिव्हिजन टू कॉलेजात होतो, नाव कुणी ऐकलेलं नाही, पण पहिल्याच सेमिस्टरला व्हॉलीबॉल पूर्ण माझ्याकडे दिलं. माझ्यासोबतचा एकजण मोठ्या फुटबॉल प्रोग्रॅमला गेला, टी-शर्ट भारी मिळाला, पण वर्षभर प्लेटा उचलणं, रॅक पुसणं आणि प्रोटीन शेक भरणं हेच.

एक लक्षात ठेव, एफ-1 म्हणजे स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. अमेरिकन जीए 45-50 तास राबतात आणि तुझ्याकडूनही तीच अपेक्षा असते, मला एका सीनियर कोचने सरळ "जादा तास लिहू नकोस, थांब" म्हणून सांगितलेलं. मी नाही म्हटलं, थोडे दिवस तोंड वाकडं केलं त्याने, पण व्हिसा माझा होता.

काम कसं असतं ते सांगतो. पहिला ग्रुप पहाटे साडेपाचला, जानेवारीत त्याआधी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा. पहिल्या आठवड्यात एक पोरगी पॉवर क्लीन, म्हणजे बार जमिनीवरून झटक्यात खांद्यावर घ्यायचा व्यायाम, करताना हात लवकर वाकवत होती, मी तिला शेजारी घेऊन मस्त बायोमेकॅनिक्स समजावत बसलो, मागे बाकीच्या अकराजणी रॅकला टेकून उभ्या. हेड कोच नंतर एवढंच म्हणाला, तीन शब्दांत सांगता येत नसेल तर सांगू नको. तेव्हापासून मी रात्री खोलीत आरशासमोर क्यू, म्हणजे खेळाडूला द्यायच्या छोट्या सूचना, पाठ करायचो, "लाँग आर्म्स", "पुश द फ्लोअर". दुसरी गंमत पाउंडांची, "टू ट्वेंटी फाइव्ह" म्हटलं की 45 च्या दांड्याला दोन्ही बाजूंनी 45 च्या दोन-दोन प्लेटा हे डोक्यात हिशोब न करता दिसायला पाहिजे, मी सुरुवातीला किलोत विचार करायचो आणि पोरं हसायची.

तालमीचं म्हणशील तर इथं कॉलेज कुस्तीला मान आहे, आयोवा, ओक्लाहोमा, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात तर विचारू नको, पण ती फोकस्टाइल, म्हणजे अमेरिकेतली वेगळी कुस्ती, आपल्या मातीच्या किंवा फ्रीस्टाइलच्या नियमांची नाही, आधी बघून घे. आणि वजन उतरवायच्या आपल्या जुन्या युक्त्या इथं चुकूनही बोलू नको. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन कॉलेज पैलवान वजन तोडताना गेले, त्यानंतर सॉना, रबरी सूट सगळं बंद झालं. तसंच "लय मारलं पोरांना", म्हणजे व्यायामाने पिळून काढलं, ही फुशारकीही नको. 2011 मध्ये आयोवाचे 13 फुटबॉलपटू सुट्टीनंतरच्या वर्कआउटने रॅब्डो होऊन, म्हणजे स्नायू फुटून, हॉस्पिटलात गेले होते, इंटरव्ह्यूत सुट्टीनंतर लोड कसा वाढवशील हे हमखास विचारतात.

आता खरी अडचण, व्हिसा. मास्टर्सनंतर ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी संबंधित नोकरीची परवानगी, 12 महिने, त्यात 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. ॲडमिशन घेण्याआधीच कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी नंबर, विचार, एक्सरसाइज फिजिऑलॉजीचा 26 ने सुरू होणारा असेल तर तो स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत, धरतात आणि आणखी 24 महिने मिळू शकतात. माझ्या बॅचला हे कुणी सांगितलं नव्हतं, निम्मे परत गेले. कॉलेजच्या नोकरीला एच-1बी या वर्क व्हिसासाठी लॉटरीत उतरावं लागत नाही ही जमेची बाजू, पण असिस्टंट कोचसाठी वकिलाचा खर्च करायला एचआर तयार नसतं. एका ठिकाणी दोन इंटरव्ह्यू झाल्यावर तिसऱ्याला "आम्ही स्पॉन्सर करत नाही" म्हणाले, आता मी पहिल्याच ईमेलमध्ये विचारा असं सांगतो. सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेरून येणाऱ्याच्या नव्या एच-1बीला एक लाख डॉलरची फी लावलीय, म्हणजे भारतात बसून कॉलेज बोलावेल हे तर विसरच.

पैसा? मी अप्लाय केलेल्या असिस्टंटच्या जागा वर्षाला 35 ते 45 हजार डॉलरच्या होत्या. लाखांतले आकडे येतात ते मोठ्या फुटबॉलच्या हेड स्ट्रेंथ कोचचे. त्यात 2025 पासून डिव्हिजन वनची कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागलीत, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर, तो पैसा मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलकडे जाणार आणि छोट्या खेळांच्या स्टाफवर कात्री येणार असं इथं सगळेच धरून चाललेत.

तरी यायचंच असेल तर सीएससीएस तिथूनच देऊन टाक, दुसऱ्या पेपरात व्हिडिओ बघून टेक्निकमधली चूक ओळखायची असते, त्यावर जास्त वेळ दे. ऑगस्टच्या जीएच्या जाहिराती बहुतेक जानेवारी ते एप्रिल निघतात. ईमेलसोबत तू कोचिंग करतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ जोड, स्वतः वजन उचलतानाचा नको, तो सगळेच पाठवतात. आणि रेझ्युमेत नुसतं बीपीएड लिहू नको, इथं कुणाला कळत नाही, मला पाठव, मी नीट करून देतो.