कॅप्टनने बोट का वळवली?

प्रश्न : गेल्या जुलैत आम्ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन हुआन बेटांजवळ ऑर्का (किलर व्हेल) बघायला दिवसभराच्या बोटीवर गेलो होतो. सकाळी लांबवर चार-पाच काळे पर दिसले. कॅप्टनने दुर्बीण लावली आणि सरळ बोट वळवली! दुपारी दुसरा कळप भेटला, तिथे मात्र चांगले रेंगाळलो. पहिल्या कळपाने कॅप्टनचं काय घोडं मारलं होतं?
– एक वाचक

उत्तर : घोडं कुणीच मारलं नव्हतं, कॅप्टन कायद्याने वागला. त्याच पाण्यात मी बरेच उन्हाळे गाइड म्हणून काढलेत, त्यामुळे बोट वळल्यावर पडलेले चेहरे माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत.

सकाळचे बहुधा ‘सदर्न रेसिडेंट’ या गटातले ऑर्का असणार. ही मंडळी मासेखाऊ. त्यातही यांना हवा चिनूक जातीचा सामन मासा, आणि नेमका तोच कमी झालाय. आता हे ऑर्का उरलेत जेमतेम पंचाहत्तरच्या आसपास. सामन शोधायचा तो आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून. शेजारी इंजिन घरघरत असलं की तो ऐकू कसा येणार? बोट ४०० यार्डांच्या आत आली की माद्या बऱ्याचदा शिकार अर्ध्यावर सोडतात, असं अभ्यासात दिसलंय. म्हणून जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टन राज्यात बोटींना त्यांच्यापासून १००० यार्ड, म्हणजे नऊशेहून जास्त मीटर, लांब राहावं लागतं.

दुपारचे ते ‘बिग्ज’ गटातले. मायकेल बिग या कॅनडियन संशोधकाने १९७०च्या दशकात पाठीवरचा पर आणि त्यामागचा राखाडी डाग यांच्या फोटोंवरून एकेक ऑर्का ओळखायची पद्धत बसवली, त्याचं हे नाव. हे सील आणि समुद्रसिंह खातात. १९७२च्या अमेरिकी कायद्याने सीलना संरक्षण मिळालं, सील वाढले आणि यांची चंगळ झाली. यांच्यापासून २०० यार्डांवर थांबता येतं, फक्त त्यांची वाट अडवायची नाही.

फोटो असतील तर मोठे करून बघा. राखाडी डागात काळा रंग आत घुसलेला असेल तर रेसिडेंट. डाग अख्खा असेल तर पराचं टोक पाहा : बिग्जचं टोकदार, रेसिडेंटचं गोलसर.

तुमच्या दुपारचा बराचसा वेळ नुसता पाण्याकडे बघण्यात गेला असेल. सीलचे कान तिखट, म्हणून बिग्ज मुकाट्याने फिरतात. शिकार झाली की पाण्यावर चरबीचा तेलकट तवंग पसरतो, सीगल झेपावतात आणि इतका वेळ गप्प असलेल्या हायड्रोफोनवर (पाण्याखालच्या माइकवर) एकदम गलका उठतो. एकदा एक सील जिवाच्या आकांताने आमच्या बोटीच्या मागच्या फळीवर चढून बसला. त्याला हाकलायचं नाही, हातही लावायचा नाही. प्रवाशांत लगेच दोन पक्ष पडले. (मी सीलच्या पक्षात होतो. तो वाचला.)

रेसिडेंट जवळून बघायचेच असतील तर बोट नकोच. सॅन हुआन बेटाच्या पश्चिमेला लाइम किल्न पॉइंटच्या खडकांवर जाऊन बसा. तिथे ते कधी कधी अगदी किनाऱ्यालगत येतात, आणि खडकांना १००० यार्डांचा नियम लागू नाही. हल्ली उन्हाळ्यातही त्यांच्या फेऱ्या कमी झाल्यात, तेव्हा एखादं जाडजूड पुस्तक बरोबर असू द्या.