ओटीपीची सही चालते, पण प्रिंट काढली की ती उरत नाही

भाऊ, तुमचे कागद दोन आहेत. एक, सावद्याच्या वाहतूकदाराशी केळीच्या गाड्यांचा वर्षभराचा करार, ज्यावर तुम्ही दोघे भाऊ आणि तो सही करणार. दुसरा, सुरतेतल्या भावाने रावेरच्या जमिनीसाठी तुम्हाला द्यायचं मुखत्यारपत्र. दोन्ही आधार ओटीपीने, म्हणजे आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला आकडा टाकून होणाऱ्या ई-सहीने होतील का, असं विचारलंत. करार होईल, मुखत्यारपत्र होणार नाही.

मुखत्यारपत्राचं आधी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या पहिल्या अनुसूचीत जे दस्त या कायद्याबाहेर ठेवलेत त्यात मुखत्यारपत्र, मृत्युपत्र आणि न्यास (ट्रस्ट) आहेत. सप्टेंबर २०२२ च्या बदलाने मुखत्यारपत्राला मिळालेली सूट रिझर्व्ह बँक, शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी वगैरेंच्या नियंत्रणाखालच्या संस्थांपुरती आहे, तुम्हा-आम्हाला नाही. म्हणजे कागद, मुद्रांक आणि शाईची सही. या मुखत्यारपत्रावर तुम्ही पुढे दस्त नोंदणीला सादर करणार असाल, तर नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे ते भाऊ राहतो तिथल्या, म्हणजे सुरतेच्या उपनिबंधकापुढे सही होऊन अधिप्रमाणित, म्हणजे त्याने खरं असल्याचा शिक्का मारलेलं, व्हावं लागतं. नुसती नोटरी तिथे पुरत नाही.

आता करार. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार तेवढ्याच कारणाने अवैध ठरत नाही. आधार ई-सहीला २०१५ पासून त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत जागा आहे. गडबड होते ती लोक सही कशाला समजतात इथे. कोऱ्या कागदावर सही करून, तिचा फोटो पीडीएफवर चिकटवला तर ते नुसतं चित्र. करार त्यानेही होऊ शकतो, पण सही कोणाची हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. खऱ्या ई-सहीत फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा आकड्या-अक्षरांचा ठसा, काढून तो खासगी किल्लीने, म्हणजे त्या सहीपुरत्या गुप्त डिजिटल संकेताने, बंद केलेला असतो; नंतर एक स्वल्पविराम बदलला तरी तपासणीत कळतं.

म्हणून मूळ पीडीएफ हीच मूळ प्रत. तिची प्रिंट म्हणजे साधी झेरॉक्स. महाभूमी या राज्याच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघणारा डिजिटल ७/१२ कागदावरही चालतो, कारण त्यावरच्या क्रमांकाने कोणीही तो तपासू शकतं. तुमच्या करारावर तसा क्रमांक नसतो. फाइल 'प्रिंट टू पीडीएफ' करू नका, दुसऱ्या पीडीएफला जोडू नका, आकार कमी करू नका; सही तिथेच मोडते. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून, स्क्रीनशॉट नको. फाइलचं नाव बदललं तर काही बिघडत नाही.

ॲडोबी रीडरमध्ये सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून सही खोटी समजू नका. सहीमागचं डिजिटल प्रमाणपत्र देणारी संस्था तुमच्या संगणकाला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहीवर क्लिक करून प्रमाणपत्र उघडा, साखळीत सर्वांत वर भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचं, म्हणजे सीसीए इंडियाचं मूळ प्रमाणपत्र आहे का पाहा, असेल तर ते विश्वासू यादीत टाका आणि सही पुन्हा तपासा. नाव आणि पिनकोडही जुळवा. आधार ई-सहीचं प्रमाणपत्र फक्त ३० मिनिटांचं असतं. नंतर मुदत संपलेली दिसणारच. सहीच्या क्षणी ते चालू होतं का, एवढंच बघायचं.

मुद्रांक विसरू नका. ओटीपीने सही केली म्हणून शुल्क सुटत नाही, आणि कमी मुद्रांकाचा दस्त कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही. महाराष्ट्रात जिथे १०० रुपयांचा मुद्रांक चालायचा तिथे ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० लागतात; रक्कम मोठी असेल तर शुल्क मूल्यावर मोजतात. ते सहीच्या आधी किंवा त्याच दिवशी भरा.

वाद कोर्टात गेलाच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. त्याचे दोन भाग: एक फाइल सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो. तो सही झाली त्याच दिवशी काढून ठेवला तर फार बरं.

शेवटचं म्हणजे ओटीपी. 'भाऊ, नंबर सांग, मी टाकतो' हे आपल्याकडे सर्रास चालतं. सही करण्याचं साधन सही करणाऱ्याच्याच ताब्यात असावं, ही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ३अ ची अट आहे. उद्या भावानेच नाही म्हटलं तर पंचाईत. त्याच्या आधारला जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर सुरतेतल्याच कुठल्याही आधार केंद्रावर बदलता येतो, रावेरला यायची गरज नाही. नंबर बदलल्याचं पक्कं झाल्यावरच करार सहीला पाठवा.