वल्हांडणात वल्हं नाहीये

प्रश्न असा आलाय: "वल्हांडण हा शब्द वल्ह्यावरून आला ना? म्हणजे तांबडा समुद्र पार केला म्हणून? आणि मग ईस्टरलाच वल्हांडण म्हटलं तर चालेल का?"

नाही. वल्ह्यावरून आलेला नाही. वल्हांडण म्हणजे इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले त्याची आठवण करणारा यहुदी सण, इंग्रजीत पासओव्हर. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला की हे कुठे ना कुठे ऐकू येतंच, कुणीतरी मनन लिहितो, "संकटाच्या समुद्रात विश्वासाचं वल्हं मारत राहणं म्हणजेच वल्हांडण", आणि लोक आमेन म्हणून पुढे पाठवतात. भावना चांगली आहे पण अहो, बायबलमधल्या निर्गमचा 14वा अध्याय एकदा उघडून बघा, इस्राएल लोक समुद्रातून कोरड्या जमिनीवरून चालत गेले. नाव नव्हती, वल्हं तर नव्हतंच. शिवाय वल्हांडण घडलं ते त्याच्या आधी, 12व्या अध्यायात, रात्री, घरात, दाराच्या आत. व्याकरणाने बघितलं तरी वल्ह्याचं क्रियापद वल्हवणे, त्यातून हा "आंड" निघणार कुठून?

शब्द सरळ आहे. ओलांडणे, जुन्या मराठीत वोलांडणे, बोलण्यात वलांडणे, आणि ल ला ह चिकटला की वल्हांडणे. ल ला ह चिकटायची आपल्याला सवयच आहे, संस्कृत उल्लासचा आपण उल्हास केलाच ना. आणि दळणेचं दळण, वळणेचं वळण तसं वल्हांडणेचं वल्हांडण. बरेच जण याच्याही मागे जाऊन "उल्लंघन" दाखवतात, मला ते पटत नाही, घ चा ड कसा झाला ते कुणी नीट सांगत नाही, पण ते राहू दे, कारण खरी मजा हिब्रूत आहे.

हिब्रूत सणाचं नाव पेसाह, क्रियापद पासाह. ओलांडून जाणे, वगळून पुढे जाणे. मिसरातले पहिले जन्मलेले मरणार होते त्या रात्री दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेलं दिसलं की परमेश्वर ते घर ओलांडून जाणार. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण याच अक्षरांचा दुसरा अर्थ आहे लंगडणे! पिस्सेयाह म्हणजे लंगडा. 2 शमुवेल 4:4 मध्ये योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ दाईच्या हातून पडून लंगडा होतो, तिथे हेच क्रियापद आहे. आणि 1 राजे 18 मध्ये एलीया संदेष्टा लोकांना विचारतो की दोन मतांमध्ये किती दिवस लंगडत राहणार, तिथेही हेच, आणि पाचच ओवींनंतर बआल या दैवताचे संदेष्टे वेदीभोवती जे नाचतात त्यालाही हेच. एलीयाने मुद्दाम टोमणा मारलाय, भाषांतरात तो पार विरून जातो.

आता काही पंडित म्हणतात की हे दोन वेगळे धातू आहेत, योगायोगाने सारखे दिसतात. मला हे आळशीपणाचं उत्तर वाटतं. असं म्हणणारे लहानपणी ठिकरी खेळलेले नसणार. एका पायावर लंगडी घालत जायचं आणि ज्या घरात ठिकरी पडलीय ते घर ओलांडायचं. लंगडणं आणि घर वगळणं एकाच उडीत! आणि त्या चौकोनाला आपण "घर"च म्हणतो. हा पुरावा नाही हे मला कळतं, पण एकाच धातूत हे दोन अर्थ कसे राहत असतील हे मला कुठल्याही कोशापेक्षा त्या खेळाने जास्त चांगलं समजावलंय. साधा उंच उंबरठा ओलांडून बघा, एक पाय आधी उचलला जातो, अंग एका बाजूला कलतं, क्षणभर माणूस लंगडतोच.

उंबरठ्याचं निघालंच आहे तर. निर्गम 12:22 मध्ये रक्त ज्या "साफ" मध्ये आहे म्हटलंय त्या हिब्रू शब्दाचा अर्थ भांडं असाही होतो आणि उंबरठा असाही, आणि जुने यहुदी धर्मगुरू रब्बी इश्माएल आणि रब्बी अकिवा यांचं यावर चक्क दुमत होतं, इश्माएल म्हणायचे उंबरठा, अकिवा म्हणायचे भांडं. मी इश्माएलांच्या बाजूचा. कारण मग मराठी शब्द एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो: "घर ओलांडून गेला" म्हणजे आत न येता पुढे गेला, आणि "उंबरठा ओलांडला" म्हणजे आत आला किंवा बाहेर पडला. त्या रात्री दोन्ही झालं. मरण घर ओलांडून गेलं, आणि सकाळी माणसं उंबरठा ओलांडून गुलामीतून बाहेर पडली. कमर बांधून, पायात जोडे घालून, हातात काठी घेऊन जेवायला सांगितलं होतं ते त्याचसाठी. इंग्रजीतला पासओव्हर बायबलचं भाषांतर करणाऱ्या टिंडेलने 1530 साली घडवला, शब्द सुरेख आहे पण त्यात पहिला अर्थच येतो. म्हणून लेंटमधलं मनन लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, वल्हं टाका आणि उंबरठा घ्या. राग धरून बसलेल्या भावाच्या दारात जाऊन उभं राहणं, तो उंबरठा ओलांडणं, याच्याएवढं रोजचं वल्हांडण दुसरं कुठलं?

आणि शब्दावरून चुकीचं मनन करणारे आपण पहिले नाही. दुसऱ्या शतकात सार्दीसचा बिशप मेलितो याने ग्रीक पास्खा हा शब्द पास्खेइन म्हणजे दुःख सोसणे याच्याशी जोडून दाखवला, आणि ते इतकं गोड वाटलं की पुष्कळांनी उचललं. शेवटी धर्मपंडित संत ऑगस्टीनला सांगावं लागलं की बाबांनो हा शब्द ग्रीक नाही, हिब्रू आहे, आणि अर्थ दुःख नाही तर पार जाणं आहे. त्याने ते योहान 13:1 वर बोलताना सांगितलं, जिथे वल्हांडणाच्या सणाआधी येशूला कळतं की या जगातून पित्याकडे जायची घटका आली. म्हणजे उंबरठाच परत!

हां, ईस्टरचं राहिलं. ग्रीकमध्ये दोन्ही सणांना पास्खाच म्हणतात, आपल्याकडचे कॅथलिक पास्काविधी म्हणतात तोही तिथलाच, आणि पौलाने 1 करिंथ 5:7 मध्ये ख्रिस्ताला आपला वल्हांडणाचा कोकरा म्हटलंच आहे. तेव्हा अर्थाने चालेल. पण मराठीत वल्हांडण म्हटलं की वाचणाऱ्याला निर्गममधला यहुदी सण आठवतो, म्हणून नुसतं "वल्हांडणाच्या शुभेच्छा" नका लिहू, "ख्रिस्ताचं वल्हांडण" असं पूर्ण लिहा.