वाचकांचे प्रश्न: वेबसीरिज, वसई लोकल आणि नाक्यावरचा क्रूस

प्रश्न : दिवसभराच्या कामानंतर रात्री मी वेबसीरिज बघतो. धार्मिक चित्रपट मला फारसे रुचत नाहीत. अशा बघण्यातून श्रद्धेला काही मिळू शकतं का, की तेवढा वेळ वायाच गेला म्हणायचं?
– एक वाचक, नालासोपारा

संत इग्नेशियस लोयोला यांच्यापुढे जवळपास हाच प्रश्न आला होता. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते घरी अंथरुणाला खिळले. वाचायला त्यांनी मागितल्या शूर सरदारांच्या कथा, म्हणजे त्या काळची लोकप्रिय करमणूकच. घरात त्या नव्हत्या. मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. मग पडल्या पडल्या दोन्ही प्रकारची स्वप्नं सुरू झाली. कधी एखाद्या थोर घरच्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवायचा, तर कधी संत फ्रान्सिससारखं जगायचं. रंगवताना दोन्ही गोड वाटायची. फरक कळायचा तो नंतर. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं पडायचं, दुसऱ्यानंतर समाधान मागे राहायचं. त्यांची पुढची सगळी साधना या निरीक्षणावर उभी राहिली.

तेव्हा कसोटी बघतानाची नको, बघून झाल्यानंतरची लावा. त्यासाठी आधी सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. ते चालू असेल, तर मनात काय उरलं हे पाहायला उसंतच मिळत नाही. भाग संपला की पाच मिनिटं दिवा मालवून बसा आणि इग्नेशियसच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे घ्या : दिवसाबद्दल आभार, स्वतःकडे नीट पाहता यावं म्हणून प्रकाशाची याचना, मग प्रत्यक्ष उजळणी, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्यासाठी एक ठराव. उजळणीत त्या कथेलाही जागा द्या. कुणी कुणाला क्षमा केली? तिची किंमत कुणी मोजली? मला कुणाचा हेवा वाटला, कुणाची कणव आली? एकच ओळ वहीत लिहा. रविवारी मिस्सेआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) आठवड्याच्या ओळी एकत्र वाचल्या की एखादी मालिका तुम्हाला कुठे नेते आहे ते स्वच्छ दिसतं. नुसती चीड आणि हाव उरत असेल तर ती सोडा, मग ती कितीही गाजलेली असो.

बहुतेकांची चूक होते ती पडद्यावर क्रूस, मेणबत्त्या आणि झगा घातलेले पाद्री शोधण्यात. आपल्या हिंदी चित्रपटांत हे सगळं बहुतेक वेळा नेपथ्य म्हणूनच येतं. कबुलीजबाबाचे प्रसंग तर फार सांभाळून बघा. ऐकलेलं पाप धर्मगुरू पोलिसांनाच काय, कुणालाही सांगू शकत नाही. सांगणारा धर्मगुरू बहिष्कृत होतो. उलट, 1995 साली सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने 45 चित्रपटांची यादी केली, ती धर्म, मूल्यं आणि कला अशा तीन गटांत. ‘गांधी’ हा चित्रपट त्यात मूल्यांच्या गटात आहे. खुद्द चर्चने इतकी मोकळी नजर ठेवलेली असताना आपण ती आक्रसून घेऊ नये.

प्रश्न : सकाळी वसईहून लोकल धरते. घरी रोझरीला (माळेवर म्हणायच्या मरियेच्या प्रार्थनेला) वेळ मिळत नाही आणि गर्दीत माळ काढता येत नाही. काय करावं?
– एक नोकरदार वाचक, वसई

सगळीकडे थांबणारी लोकल असेल तर वसई रोड ते बोरिवली हा पट्टा रोझरीसाठी फार सोयीचा आहे. नायगाव, भाईंदर, मीरा रोड, दहिसर, बोरिवली अशी पाच अंतरं आणि रोझरीचेही पाचच टप्पे. दहा ‘नमो मारिया’ घाई न करता म्हणायला तीन ते चार मिनिटं लागतात, म्हणजे साधारण एका अंतरात एक टप्पा बसतो. विश्वासांगीकार आणि सुरुवातीच्या प्रार्थना फलाटावरच उरका. नायगाव-भाईंदर अंतर खाडीपुलामुळे लांब आहे. उरलेल्या वेळात त्या दिवसाचं रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला प्रसंग, डोळ्यांसमोर आणा. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार वैभवाची आणि गुरुवारी प्रकाशाची रहस्यं. ही शेवटची पाच 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली.

माळेऐवजी पेरं मोजा. डावा हात कडीला, उजव्या हाताचा अंगठा तर्जनी, मध्यमा, अनामिका यांच्या नऊ पेरांवरून फिरवा आणि दहावं करंगळीचं. धक्काबुक्कीत मोजणी चुकली तर पहिल्यापासून सुरू करू नका, आठवतं तिथून पुढे जा. इअरफोनवर रेकॉर्ड केलेली रोझरी लावली तर स्वतःचे ओठ हलवा, नाहीतर दोन दिवसांत ती नुसता मागचा आवाज होऊन जाते. संध्याकाळी दमलेल्या अंगाने एकच टप्पा झाला तरी तो करा.

प्रश्न : नाताळात आमचा युवा गट गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर भक्तिगीत बसवतो आहे. चालेल का?
– गायनमंडळातील एक सदस्य, वसई

मिस्सेत नको. गाजलेली चाल आपले मूळ शब्द आणि पडद्यावरचं दृश्य सोबत घेऊनच येते. शब्द तुम्ही बदललेत तरी ऐकणाऱ्याच्या मनात जुनेच वाजतात, आणि नेमकं अर्पणाच्या वेळी. शिवाय चालीवर दुसऱ्याचा हक्क असतो. व्हिडिओ टाकलात तर तक्रार येऊ शकते.

लोकांच्या ओठांवरचा बाज मात्र जरूर घ्या. इंग्लंडहून आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त जवळपास अकरा हजार ओव्या रचल्या. ओवी कुण्या एका गाण्याची मिरास नाही, म्हणून ती उपासनेत सहज सामावते. त्या दिवसाचं शुभवर्तमान घ्या, एकेका वाक्याचे चार चरण पाडा, तिघांना यमक, चौथा आखूड. चाल एका सप्तकात ठेवा, म्हणजे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पेलते. शब्द धर्मगुरूंना आधी वाचून दाखवा.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे. सदोदित मोबाइलवर असतो, चर्च कंटाळवाणं म्हणतो. त्याला कार्लो अक्युटिसबद्दल सांगू का?
– एक आई, वांद्रे

सांगा, पण ‘बघ, तो कसा होता’ या सुरात सांगू नका. त्या तुलनेने संतही नकोसा होतो. कार्लो लंडनमध्ये 1991 साली जन्मला, मिलानमध्ये वाढला आणि 2006 साली ल्युकेमियाने पंधराव्या वर्षी गेला. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं. त्याला व्हिडिओ गेम आवडायचे, पण आठवड्याला एक तास अशी मर्यादा त्याने स्वतःच घातली होती. रोज मिस्सेला जायचा. संगणकाचं त्याचं ज्ञान त्याने मिस्सेतल्या पवित्र प्रसादाशी निगडित चमत्कारांची नोंद करणारी वेबसाइट बनवायला वापरलं. मुलाला हा शेवटचा भाग सांगा आणि लगेच त्याच्या हाताला काम द्या.

वांद्र्यात असं काम दारातच आहे. 1896च्या प्लेगच्या काळात मुंबईच्या गावठाणांत लोकांनी नाक्यानाक्यावर क्रूस उभारले. त्यांतले अनेक आजही उभे आहेत, पण कोरलेली अक्षरं ऑइलपेंटच्या थरांखाली बुजत चालली आहेत. मुलाला म्हणावं, मोबाइलवर त्यांची नोंद कर. प्रत्येक क्रूसाचे चारही बाजूंनी फोटो, पाट्यांचे वेगळे जवळून, आणि नकाशावरची जागा. फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी घ्यायचे. तेव्हा उन्हाची तिरीप अक्षरांच्या खाचांत सावली पाडते, भर दुपारी तीच पाटी सपाट दिसते. आभाळ असेल तर टॉर्च बाजूने, पाटीला जवळजवळ चिकटून धरायचा. अक्षरं खडूने उठवायची नाहीत आणि रंग खरवडायचा नाही; दगड निघतो.

मग एका तक्त्यात पाटीवरचं साल, भाषा, मजकूर जसाच्या तसा. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब, अंदाज नाही. चुकीचं वाचन एकदा लिहिलं गेलं की पुढचा रंगारी तेच रंगवतो. बाजूच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तिथे रोझरी कधी होते, फुलं कोण घालतं ते विचारायचं. परवानगी घेऊन त्यांचा आवाज रेकॉर्ड करायचा. या विचारपूसीतच मुलाला आपल्या माणसांची श्रद्धा कळते. सुरुवात एकाच गल्लीपासून करा. तयार तक्त्याची एक प्रत चर्चच्या कार्यालयात द्या आणि एक क्रूसाची देखभाल करणाऱ्या कुटुंबाला, पुढच्या रंगकामाच्या आत.